सात दिवस सलग पाणी: सांगलीतल्या एका जोडप्याचा क्रूझचा निर्णय

पार्श्वभूमी

नवरा सत्तरीचा, बायको दोन वर्षांनी लहान. नवऱ्याची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत. आता पेढी पुतण्या बघतो, पण हे सौद्याला हजर असणारच. बायको माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त. राहायला गावभागात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघांना इथे अण्णा आणि काकू म्हणते. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी पुण्यात. अण्णा-काकूंकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता आणि हळदीचा हंगाम नसताना, म्हणजे दिवाळीनंतर, मुलाकडे जायचं आधीच ठरलेलं होतं.

मी सांगलीत परदेश प्रवासाची आखणी करून देते. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते मुलाच्या एका फोनमुळे. त्याला नोव्हेंबरमधली एक क्रूझ सापडली होती: बार्सिलोनाहून सुटायचं, स्पेनची दोन बंदरं, मग कॅनरी बेटांतलं टेनेरिफ, आणि तिथून अटलांटिक ओलांडून थेट फ्लोरिडा. १३ रात्री. भाडं त्याच जहाजाच्या उन्हाळ्यातल्या भाड्याच्या निम्म्याच्या आसपास. "आई-बाबांना विमानात पंधरा-सोळा तास अवघडून बसायला नको, आरामात येतील," असं त्याचं म्हणणं.

एवढं स्वस्त का, याला साधं कारण आहे. उन्हाळा भूमध्य समुद्रात काढलेली जहाजं हिवाळ्यासाठी कॅरिबियनला न्यावी लागतात. रिकामं न्यायचं त्यापेक्षा कमी भाड्यात माणसं भरलेली बरी. एप्रिल-मेमध्ये हीच जहाजं उलटी येतात. बंदरं कमी, त्यामुळे गर्दी तरुणांची नसते. निवृत्त लोक जास्त.

प्रश्न नेमका काय होता

१३ रात्रींत नऊ दिवस फक्त पाणी, आणि त्यातले सात सलग. टेनेरिफ ते फ्लोरिडा साधारण साडेतीन हजार सागरी मैल. जहाज वीस नॉटच्या आसपास चालतं, म्हणजे तासाला वीस सागरी मैल, दिवसाला पावणेपाचशे. हिशेब काकूंनी माझ्यासमोरच तोंडी केला.

अण्णा एकदम तयार होते. काकू काहीच बोलल्या नाहीत. मुलगी विरोधात होती: वडिलांना रक्तदाब, प्रोस्टेट वाढलेलं, आणि आईला आंबा घाटात दर वेळी गाडी लागते. गणपतीपुळ्याला जाताना साखरप्यापर्यंत त्यांच्या हातात पिशवी असते.

सगळी चर्चा "आपल्याला झेपेल का" या एका वाक्यात चालली होती. मी ते वाक्य चार ठिकाणी कापलं: अण्णांच्या शरीराला झेपेल का, काकूंच्या शरीराला झेपेल का, अण्णांच्या स्वभावाला मानवेल का, काकूंच्या स्वभावाला मानवेल का. चारही उत्तरं सारखी यायचं काही कारण नव्हतं. बहुतेक घरांत पहिल्या दोनच प्रश्नांवर वाद घातला जातो. शरीराचं डॉक्टर तरी सांगतो, स्वभावाचं कोण सांगणार?

समोर असलेले पर्याय

पहिला, मुलाने शोधलेली दक्षिणेकडची अटलांटिक फेरी. या मार्गावर व्यापारी वारे ईशान्येकडून येतात, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्या जहाजाच्या पाठीमागून. समुद्र उत्तर अटलांटिकपेक्षा बराच सौम्य आणि अर्ध्या वाटेनंतर हवा उबदार. चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, तेव्हा कप्तान मार्ग वाकवू शकतो, बंदर गाळू शकतो.

दुसरा, साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क. क्वीन मेरी २ हे जहाज २००४ पासून ही फेरी करतंय, बहुतेक वेळा सात रात्रींत. मध्ये एकही बंदर नाही, पण उतरायचं ते मुलाच्या दाराशी. ग्रंथालय मोठं, तारांगणसुद्धा आहे. मात्र उत्तर अटलांटिक, नोव्हेंबर, थंडी, आणि ब्रिटनचा वेगळा व्हिसा. हा पर्याय अण्णांनी पाच मिनिटांत बाद केला.

तिसरा, भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ, जवळपास रोज एक बंदर, आणि पुढे विमानाने अमेरिका. चौथा, क्रूझ विसरून मुंबईहून विमानाने सरळ न्यू जर्सीतलं नेवार्क.

पैशांचा मुद्दा मुलाच्या डोक्यात पक्का होता, म्हणून तो आधी उलगडला. भाडं स्वस्त खरं, पण बार्सिलोनापर्यंतचं एकेरी विमान, फ्लोरिडा ते नेवार्क दुसरं विमान, बार्सिलोनात आदली एक रात्र हॉटेल (जहाज कुणासाठी थांबत नाही), स्पेनचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक), विमा, इंटरनेट, आणि जहाजावर रोज माणशी लागणारी टिपची रक्कम. ती एकटीच दोघांची मिळून चार-साडेचारशे डॉलरच्या घरात जाते. बेरीज सरळ विमानापेक्षा बरीच वर गेली. स्वस्तात अमेरिकेला पोचणं हे कारण तिथेच संपलं. जायचं तर समुद्रासाठी जायचं.

व्हिसाबाबत एक बारकावा. कॅनरी बेटं स्पेनची, शेंगेनच्या आतली, त्यामुळे या मार्गाला एकदा प्रवेशाचा व्हिसा पुरतो. पण अशा बऱ्याच फेऱ्यांत मध्येच मोरोक्कोतलं कासाब्लांका असतं. ते शेंगेनच्या बाहेर, आणि तिथून पुन्हा स्पेनच्या बंदराला लागायचं तर अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा. बंदरांची यादी तारखांसकट वाचल्याशिवाय अर्ज भरू नये.

शरीराचे दोन प्रश्न

काकूंना गाडी लागते म्हणजे बोट लागणारच, हे घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. तसं ते सरळ नाही. डोळ्यांना स्थिर दिसतंय आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव हलतंय म्हणतोय, यातून मळमळ येते. सर्वांत त्रासदायक असतं ते संथ हेलकावणं, पाच सेकंदांना एक हेलकावा अशा सुमाराचं. घाटात वळणं, ब्रेक, डिझेलचा वास, पुढच्या सीटची पाठ, सगळं एकत्र येतं. मोठ्या जहाजावर डोळ्यांसमोर क्षितिज ठेवता येतं, चालता येतं, आडवं होता येतं. दोन्ही बाजूंना पाण्याखाली असलेल्या स्टॅबिलायझर पंखांमुळे जहाज या कुशीवरून त्या कुशीवर कमी कलंडतं. नाक वर-खाली होतं, त्यावर मात्र त्यांचा फारसा उपाय नाही. म्हणून केबिन मधोमध आणि खालच्या डेकवर घ्यायची. वरची पुढची बाल्कनी महाग असते आणि झोपाळ्यासारखी हलते. मुख्य म्हणजे बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं.

अण्णांचं प्रकरण उलट निघालं. त्यांना आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही, म्हणून त्यांची कुणी काळजीच केली नव्हती. "लागलीच तर एव्होमीन घेईन की," ते म्हणाले. मिरजेतल्या त्यांच्या डॉक्टरांनी ते ऐकताच थांबवलं. एव्होमीन आणि त्या जातीच्या बऱ्याच गोळ्या वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाची लघवी अडवू शकतात. सांगलीत असं झालं तर अर्ध्या तासात मिरजेच्या हॉस्पिटलात पोचता येतं. जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असतात, एक्स-रे, रक्ताच्या साध्या तपासण्या, कॅथेटर घालण्याची सोय असते. पण त्यापुढचं काही लागलं तर जमीन तीन-चार दिवसांवर. हेलिकॉप्टरचा पल्ला काहीशे किलोमीटरचा. अटलांटिकच्या मध्यावर ते येत नाही. डॉक्टर जाऊ नका म्हणाले नाहीत. ते म्हणाले, ती गोळी घ्यायची नाही आणि विमा काढताना प्रोस्टेट लपवायचं नाही.

दुसरं वाक्य महत्त्वाचं. आपल्याकडे विम्याच्या अर्जावर "आजार: नाही" लिहायची सवय आहे. जहाजावरचं बिल डॉलरमध्ये येतं आणि आधीचा आजार लपवलेला सापडला तर दावा नाकारला जातो.

स्वभावाचे दोन प्रश्न

इथे मी थोडा जास्त वेळ घालवला. दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि वेगवेगळ्या खोलीत बसवलं. टेनेरिफ सोडून तिसरा दिवस. सकाळी सहा ते रात्री दहा. तासाला काय करताय ते लिहा. फोनला रेंज नाही, ओळखीचं कुणी नाही, खिडकीबाहेर कालचंच पाणी.

अण्णांच्या कागदावर सहा ते अकरा भरगच्च होतं: चहा, डेकवर फेऱ्या, अंघोळ, पूजा, नाश्ता, पुन्हा चहा. अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत एक मोठा महिरपी कंस आणि त्यासमोर एकच शब्द: टाइमपास. काकूंनी कागद उलटून मागच्या बाजूलाही लिहिलं होतं. विणकाम, सुडोकू, दोन पुस्तकं, दुपारची झोप, "व्याख्यान असल्यास", आणि चार ते पाच "काही नाही". त्या काही नाहीला त्यांनी स्वतंत्र तास दिला होता.

कागद हा काही पुरावा नव्हे. पण या घराकडे एक जुनी परीक्षा होती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हे दोघं वरच्या मजल्यावर अडकले होते, पाच दिवस. मी विचारलं तेव्हा काकू हसल्या. अण्णा दिवसभर गच्चीवर आणि जिन्यात, फोन चालू असेपर्यंत दर अर्ध्या तासाला "आयर्विनला किती फूट?" (कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती), आणि बॅटरी संपल्यावर शेजारच्या गच्चीवर ओरडून तेच. काकूंनी माळ्यावरचे चाळीस वर्षांचे कागद लावले. अर्थात पुरात भीती असते, खाली दुकान बुडत असतं, त्याची तुलना सुट्टीशी करणं पूर्ण बरोबर नाही. मी ते निम्मंच धरलं. तरी दोघांच्या कागदांशी ते जुळत होतं.

अण्णांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "तिथं काय कमी असतंय का? नाच आहे, गाणं आहे, पोहायला तलाव आहे." सगळं असतं हे खरं. पण बहुतेक इंग्रजीत, आणि तेही उच्चारांच्या दहा तऱ्हांचं. विनोद समजत नाही, व्याख्यान अर्धं सुटतं. अण्णांचा आनंद माणसांशी बोलण्यात आहे. सौद्यात रुमालाखाली बोटं धरायचा काळ ते अजून रंगवून सांगतात. ते ऐकायला जहाजावर कुणी नव्हतं.

काय केलं

आगाऊ रक्कम भरली, कारण अंतिम भरण्याच्या तारखेपर्यंत ती परत मिळणारी होती. हे आधी लेखी घेतलं. मग ऑक्टोबर उजाडताच मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर दोघांना तीन रात्रींसाठी पाठवलं, ज्यात एक पूर्ण दिवस समुद्रावर होता. अंतिम पैसे भरायची तारीख मात्र त्याच्या आधीच येत होती, म्हणून जहाज कंपनीकडून मुदत वाढवून मागितली. दोन आठवडे मिळाले. हा भाग नशिबाचा, त्यावर कुणी योजना आखू नये.

या चाचणीकडून काय शिकायचं आणि काय नाही, हे आधी ठरवून घेतलं होतं. पावसाळा सरल्यावरचा अरबी समुद्र तसा शांत. तिथे बोट लागली नाही तर अटलांटिकवर लागणार नाही असं सिद्ध होत नाही. आणि लागली तरी शरीर सरावायच्या आत परत यायचं, त्यामुळे तेही उत्तर अर्धवट. तपासायची होती ती फक्त दुपार.

दुपारने उत्तर दिलं. समुद्रावरच्या दिवशी साडेअकरापर्यंत अण्णांच्या डेकवर फेऱ्या झाल्या, दोनदा खाणं झालं, पुण्याच्या एका कुटुंबाची सात पिढ्यांची चौकशी झाली. दोन वाजता ते स्वागत कक्षात जाऊन विचारून आले, जहाज बंदराला लवकर लागू शकतं का. तिथे तर सगळे मराठी-हिंदी बोलणारे होते. काकूंना आल्यावर विचारलं तर म्हणाल्या, "एकच दिवस होता, कळलंच नाही."

परतल्यावर अण्णांनी स्वतःच विषय काढला. मला त्यांचं कौतुक वाटलं ते इथे. पैसे बुडत नव्हते, हट्ट सोडायला काही कारण नव्हतं, तरी ते म्हणाले, "मला सात दिवस जमायचं नाही. हिला जाऊ दे."

मग खरी अडचण. एकट्या माणसाला केबिन जवळपास दोघांच्या दराने पडते. शिवाय मुलीचं "आईला एकटीला?" आणि नातेवाइकांचं "भांडण झालं का?" काकूंची धाकटी बहीण इचलकरंजीला असते, यजमान नाहीत, मुलगी अमेरिकेत, त्यामुळे व्हिसा हातात होता. आरक्षणात अण्णांच्या जागी तिचं नाव घातलं. काकूंच्या शेंगेन अर्जासोबत तिचाही अर्ज गेला. अण्णा मुंबईहून सरळ नेवार्कला.

तयारीत तीन गोष्टींवर भर दिला. केबिन मधोमध, खालच्या डेकवर, खिडकीची. आतली अंधारी केबिन स्वस्त होती, पण दोघींना पहाटे उठायची सवय. औषधं दुप्पट, निम्मी हातातल्या पिशवीत. आणि वेळ: पश्चिमेला जाताना जहाजाची घड्याळं एकेक रात्र करत एक तास मागे जातात, कॅनरी ते फ्लोरिडा पाच तास. दिवस पंचवीस तासांचा होतो, उतरल्यावर जेट लॅग नाही. थायरॉइडची गोळी जहाजाच्या सकाळनुसार घ्यायची, सांगलीच्या नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घेतलं.

उपासाचं काकूंनी विचारलं. वाटेत संकष्टी येत होती. साबुदाणा मिळणार नाही. फळं, दही, उकडलेला बटाटा, बदाम मिळतात. चंद्रोदयाची पंचांगातली सांगलीची वेळ तिथे चालत नाही. जहाजाच्या घड्याळात साधारण त्याच सुमारास चंद्र उगवतो, पण डेकवर जाऊन बघावंच लागतं. काकू दोनदा वर जाऊन आल्या, ढग होते, तिसऱ्यांदा दिसला.

काय घडलं

स्पेनचं दुसरं बंदर वाऱ्यामुळे गाळलं. बंदराचे कर परत मिळाले, भाड्यातलं काही नाही; करारात ते लिहिलेलंच असतं. म्हणजे नऊचे दहा दिवस पाणी झाले.

आंबा घाटात पिशवी धरणाऱ्या काकूंना काहीही झालं नाही. बहिणीला लागली. कॅनरीच्या आधीच्या लांब लाटांनी ती दोन दिवस आडवी होती. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद आणि घरून नेलेली आवळासुपारी यांवर काढले. तिसऱ्या दिवशी उठून जेवली.

काकू विणणाऱ्या बायकांच्या एका गटात रोज सकाळी बसायच्या. निम्मं बोलणं कळायचं नाही, टाके कळायचे. नौकानयनावरची व्याख्यानं त्यांनी सगळी ऐकली, कारण फळ्यावर त्रिकोण होते. पण सगळं गोड नव्हतं. सलग दिवसांतला पाचवा जड गेला असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेच जेवणाचं दालन, तेच चेहरे, बहिणीशी दिव्यावरून कुरबूर. "त्या दिवशी कुणी म्हटलं असतं तर उतरले असते." उतरायला काही नव्हतं. सहाव्या दिवशी जरा बरं वाटलं.

अण्णांचं काय झालं, ते कुणी धरलंच नव्हतं. न्यू जर्सीत मुलगा-सून आठला बाहेर, नातू शाळेत. गाडी चालवता येत नाही, चालत जाण्याजोगं दुकान नाही, नोव्हेंबरची थंडी. सांगली साडेदहा तास पुढे, म्हणजे यार्डात सकाळचे साडेदहा वाजायचे तेव्हा तिथे मध्यरात्र. ते मध्यरात्री पुतण्याला फोन करायचे आणि दुपारी पडद्याआडून रस्ता बघायचे. अकरा ते सातचा तोच महिरपी कंस, आणि इथे तर नाश्त्यानंतर दुसरा नाश्तासुद्धा नाही. काकू पोचल्या तेव्हा ते विमानतळावर सगळ्यांच्या पुढे उभे होते.

वेगळं काय करता आलं असतं

दोघांना वेगळं बसवणं पहिल्याच भेटीत व्हायला हवं होतं. जोडपं एकत्र बसलं की मोठ्याने बोलणाऱ्याचं मत दोघांचं धरलं जातं, आणि या घरात गप्प असलेलं माणूसच जाण्याजोगं होतं. डॉक्टरांची भेटही आगाऊ रक्कम भरण्याआधी हवी. इथे रक्कम परत मिळणारी होती म्हणून निभावलं. अनेक स्वस्त आरक्षणांत ती मिळत नाही.

चाचणी फेरीत सलग दोन दिवस समुद्र मिळाला असता तर जास्त उपयोग झाला असता. पहिला दिवस नवलाईत जातो. काकूंचा पाचवा दिवस त्या चाचणीत दिसणं शक्यच नव्हतं, आणि तो दिसला असता तरी त्या गेल्या असत्या असं मला वाटतं. बहिणीची मात्र चाचणी झालीच नाही. ती नंतर आली, उत्साहाने आली, आणि सगळ्यांचं लक्ष काकूंच्या पिशवीकडे होतं.

अण्णांच्या मुक्कामाचा विचार तर क्रूझच्या चर्चेत कुठेच नव्हता. मुलाचं घर म्हणजे प्रश्न सुटला असं धरलं होतं. एडिसनच्या बाजूला, जिथे मराठी वस्ती आहे आणि पायी फिरता येतं, तिथल्या ज्येष्ठांच्या मंडळात आठवड्यातून दोनदा सोडायची सोय मुलाने नंतर केली. ती आधी केली असती तर अण्णांचे पहिले दोन आठवडे बरे गेले असते.

आता अण्णांना नॉर्वेच्या किनाऱ्याची क्रूझ हवी आहे, रोज एक बंदर असलेली. काकूंनी हो म्हटलेलं नाही. त्यांनी मला एप्रिलमधल्या उलट्या फेरीचे दर विचारले आहेत. पूर्वेला येताना घड्याळ पुढे जातं, रात्रीमागून रात्र एक तास झोप कापली जाते, हे मी त्यांना सांगितलंय. बहिणीने या वेळी डॉक्टरांकडून आधी गोळी लिहून घ्यायचं कबूल केलंय, पण दिव्याचं काय करायचं ते दोघींचं अजून ठरायचंय.